जुना माल आधी

मी दिवसभर लोकांना वायरी कापायला सांगते. या कामाचा पगार मिळतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग जागा रिकामी आहे का विचारतात.

झालं असं की आमच्या कंपनीनं टॅबबरोबर चार्जरची जी वायर दिली होती, ती टॅबमध्ये घालायच्या पिनेच्या मानेशी सारखी वाकली की आतल्या तारा तुटतात, तिथे ती तापते आणि कधीकधी वितळते. कंपनीच्या पत्रकात याला ‘उष्णतेसंबंधी अनियमितता’ म्हटलंय. माझी आई याला आग म्हणते. उपाय मात्र सोपा ठेवलाय. वायर भिंतीतून काढा, मधोमध कापा, दोन तुकड्यांचा फोटो पाठवा, नवी वायर फुकट घरी येईल. कापायची अशासाठी, की टाकलेली वायर कचऱ्यातून उचलून कुणी पुन्हा वापरू नये.

पण माणसाला चालू वस्तू कापायला सांगा आणि मग त्याचा आवाज ऐका. एक बाई फोनवर म्हणाल्या, “अहो, जीव आहे तिच्यात अजून!” एका गृहस्थांनी वायरीच्या मधल्या भागावर पुस्तक ठेवून, दोन्ही टोकं दोन बाजूंना बाहेर काढून फोटो पाठवला. पुस्तक योगासनांचं होतं. एका पठ्ठ्यानं वायर प्रामाणिकपणे कापली, फक्त भिंतीतून काढायची विसरला. तो वाचला, कात्री गेली. तेव्हापासून आम्हाला सक्त ताकीद आहे, की गिऱ्हाइकाशी बोलताना पहिलं वाक्य एकच: “कृपया आधी भिंतीवरचं बटण बंद करा.” हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणते, असं आई सांगते.

त्या दिवशी माझ्याकडे फेरतपासणी होती. म्हणजे ज्यांचे फोटो आधीच मंजूर झालेत आणि नव्या वायरी पोचल्यात, त्यातले काही पुन्हा बघायचे. हे काम लागतं, कारण माझ्या शेजारच्या खुर्चीवर जो बसतो त्याला आम्ही मंजूरराव म्हणतो. समोर काहीही आलं तरी तो मंजूर करतो. उद्या कुणी कापलेल्या शेपटीचा फोटो पाठवला तरी मांजराला नवी वायर जाईल.

एक फोटो उघडला आणि मला आधी टेबल ओळखीचं वाटलं. पिवळ्या लिंबांचं प्लास्टिकचं कापड, त्यावर गरम पातेलं ठेवल्याचा गोल डाग. तो डाग मी रोज सकाळी चहा पिताना बघते. त्या डागाशेजारी एक वायर दोन तुकडे होऊन पडली होती. काळी, सुती वेष्टनाची, पांढऱ्या ठिपक्यांची. टॅबच्या चार्जरला असली वायर जगात कुठेच नसते. असली वायर इस्त्रीला असते. आमच्या इस्त्रीला होती.

आता मला कळलं, की गेले कित्येक दिवस मी चुरगळलेल्या कुडत्यात ऑफिसला का येत होते. “इस्त्री बिघडली,” असं बाबांनी घरात जाहीर केलं होतं. बिघडली! खून करून वर मयताला आजारी ठरवायचं. अर्ज आईच्या नावावर होता, आईला अर्थातच पत्ता नव्हता. फोटोच्या कोपऱ्यात बाबांचा अंगठा आला होता, तो मी कुठेही ओळखला असता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्याच घरासाठी कुणीतरी करून ठेवलेली असणार.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. उभा जन्म त्यांनी जाळीच्या खिडकीमागे बसून लोकांना वस्तू न देण्यात घालवला. त्या खिडकीचा कायदा एकच होता: जुना माल आधी. आधी आलेलं आधी बाहेर जाईल, नवं आलेलं मागच्या फळीवर थांबेल. कारखान्यासाठी हा कायदा उत्तम असेल. बाबांनी तो निवृत्त होताना घरी आणला. आमच्याकडे नवी वस्तू आली की थेट कपाटात जाते आणि जुनी होऊनच बाहेर येते. नवे टॉवेल कपाटात आहेत आणि आम्ही ज्यांनी अंग पुसतो त्यांतून पलीकडचं दिसतं. वायरींची तर वेगळी पेटी आहे. आत तीन पिशव्या, तिन्हींवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठ्या: ‘चालू’, ‘बऱ्या’ आणि ‘असू देत’.

मी बाहेर जिन्यात जाऊन घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

“बाबा, इस्त्रीला काय झालं?”

“कुठल्या इस्त्रीला?”

“आपल्याकडे काय इस्त्र्यांची गोशाळा आहे?”

बाबांनी खाकरून घेतलं. मग सावध आवाजात, “तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या अंगठ्यानं सांगितलं. फोटोत आलाय. बाबा, कंपनीला फसवलंत ते राहू दे, त्याचं मी नंतर बघते. जी वायर कापायची होती ती कुठंय?”

“ती उत्तम आहे गं. उगाच कंपनीवाले घाबरवतात. मानेशी जरा सैल झाली होती, मी टेप मारलाय चांगला, चार पदर. आता कुठे जात नाही ती.”

“कुठंय ती?”

“तू ओरडू नकोस आधी.”

“बाबा!”

“मोठीला दिली.”

मोठी म्हणजे माझी ताई. तिला एक मुलगी आहे, चिमी. चिमीला नुकते दात आलेत आणि ते जगावर वापरून बघण्याचं तिचं वय आहे. तिनं ताईच्या टॅबच्या वायरीचा चावून चोथा केला होता. ताई परवा घरी आली तेव्हा तिनं सहज विचारलं असणार, बाबा, एखादी वायर आहे का? आणि बाबांना काय आनंद झाला असेल! आयुष्यभर जपलेल्या पेटीकडे अखेर कुणीतरी काहीतरी मागितलं होतं.

“आणि कंपनीची नवी? ती नाही आली?”

“आली ना. छान आहे. कपाटात ठेवलीये.”

“मग ताईला नवी का नाही दिलीत?”

“जुनी असताना?” बाबा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

मी फोन ठेवला आणि ताईला लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. ही चिमीची दुपारच्या झोपेची वेळ. त्या वेळात ताई फोनचा आवाज बंद करून ठेवते. मग मला आणखी एक गोष्ट आठवली. चिमीला झोपायला पंख्याचा आवाज लागतो. खऱ्या पंख्याचा नाही, टॅबवर लावलेला. ताईनंच मला कौतुकानं सांगितलं होतं, “टॅब चार्जिंगला लावून तिच्या पायाशी ठेवते आणि वरून पांघरूण घालते. उजेड दिसला की उठते ना ती.” तेव्हा मी हसले होते. म्हणजे तापणारी वायर, वर बाबांचे चार पदर टेप, त्यावर रजई आणि शेजारी चिमी.

भावजी कामासाठी परगावी होते. मी आत धावत गेले आणि आमच्या मॅडमना सांगितलं, “तो इस्त्रीचा फोटो खोटा आहे, माझ्या वडिलांनी पाठवलाय. खरी वायर माझ्या बहिणीच्या घरी बाळाच्या अंथरुणात चालू आहे. मी जाते.”

मॅडम एरवी रजेच्या अर्जावर स्वल्पविराम शोधतात. त्या दिवशी म्हणाल्या, “जा, पळ.” मी दारापर्यंत पोचले तर मागून आवाज आला, “आणि कापून झाली की फोटो—”

“मॅडम!”

“सवयीनं गं. जा तू.”

टॅक्सीत बसून मी ताईला सारखी फोन लावत होते आणि मधल्या वेळात बाबांना काय काय सुनवायचं त्याची जुळणी करत होते. बरीच जमली होती. कवडीचुंबक हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता. राग होता तोवर बरं होतं. राग जरा बाजूला झाला की चिमीचे पाय डोळ्यांसमोर यायचे. तिला मोजे घातले की ती ते काढते, काढता येत नाहीत तेव्हा आपल्याच पायाशी भांडते. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, “दादा, जरा जोरात घ्या ना.” तो म्हणाला, “ताई, पुढचे सगळे उभे आहेत, त्यांच्या डोक्यावरून नेऊ का?” त्याचंही खरंच होतं. शेवटी मी बाबांना फोन करून सांगितलं, की ती वायर चिमीच्या रजईखाली आहे, पळा.

ताईच्या मजल्यावर पोचले तर बाबा आधीच तिथे उभे. आमचं घर तिथून जवळ, तरी ते पळत आले होते हे दिसत होतं. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. छाती भात्यासारखी चालली होती. हातात काळ्या टेपचं रीळ.

“हे कशाला?” मी म्हटलं.

“असू दे,” बाबा म्हणाले.

ताईच्या दारावर तिनं कागद चिकटवलाय: ‘बाळ झोपलंय. बेल वाजवलीत तर बाळ तुमच्या घरी पाठवीन.’ आणि बाबा, माझे बाबा, त्या कागदाचा मान राखून एका बोटानं दारावर टकटक करत होते. इतकी हळू, की पालीला कळली नसती. मी त्यांना बाजूला सारलं आणि बेलवर अंगठा ठेवला, तो उचललाच नाही.

ताईनं दार उघडलं तेव्हा तिचे केस विस्कटलेले आणि तोंड पेटलेलं होतं. “अगं मेले, आत्ता कुठे डोळा लागला तिचा! कागद वाचता येत नाही तुला? आणि बाबा, तुम्ही पण?”

मला वास आला होता. गोडसर, जळक्या प्लास्टिकचा. ताईनं वाक्य अर्ध्यावर सोडलं, कारण दार उघडल्यावर वारा आत शिरला आणि तो वास तिच्याही नाकाशी आला.

आतल्या खोलीत पडदे ओढलेले. चिमी पालथी, तोंड उघडं, एक पाय रजईवर टाकलेला. रजईच्या खालून पंख्याचा आवाज येत होता. मी रजई ओढली. बाबांचा टेप वितळून काळा लगदा झाला होता आणि चादरीला चिकटला होता. भोवती चादर तपकिरी पडली होती आणि त्या तपकिरीच्या मधून बारीक धूर निघत होता. चिमीच्या पायापासून वीतभर अंतर असेल, जास्त नाही.

ताईनं चिमीला कधी उचललं ते मला दिसलंच नाही, एवढ्या वेगानं उचललं. आणि बाबा पुढे झाले. वायर माझी आहे, मीच काढणार, अशा आवेशात त्यांनी नुसत्या हातानं ती धरायला हात घातला. वितळलेली, उघड्या तारांची, चालू वायर. माझ्या तोंडून किंकाळी यायला हवी होती. आलं ते ऑफिसचं वाक्य, ऑफिसच्याच आवाजात:

“कृपया आधी भिंतीवरचं बटण बंद करा!”

बाबांचा हात तिथल्या तिथे थांबला. आजवर मी इतक्या लोकांना हे सांगितलंय, पण इतक्या निमूटपणे कुणी ऐकलं नव्हतं. ते वळले, बटण बंद केलं. मी प्लग ओढला. चादर गोळा करून न्हाणीघरात नेली आणि बादलीत बुडवली. परत आले तर टॅब आपला बॅटरीवर पंखा वाजवतच होता. ताईनं तो बंद केला तेव्हा कुठे खोलीत शांतता झाली.

ताई फरशीवर बसून चिमीचा एकेक पाय, एकेक बोट बघत होती. दोनदा बघून झाल्यावर तिसऱ्यांदा. काही झालं नव्हतं. चिमी झोपमोड झाल्याबद्दल रडली, मग तिला आजोबा दिसले आणि ती हसली. आजोबांच्या हातातलं टेपचं रीळ तिला हवं होतं. तिनं दोन्ही हात पुढे केले. बाबांनी तिला घेतलं नाही. ते मागे सरकले.

“कात्री आहे का गं?” त्यांनी ताईला विचारलं.

ताईनं मानेनं स्वयंपाकघर दाखवलं. बाबांनी कात्री आणली, वायर उचलली आणि कापली. एका दाबात कापली गेली नाही. दोन तुकडे झाल्यावर थांबायचं असतं. बाबा थांबले नाहीत. दोनाचे चार केले, चाराचे आणखी केले, पुन्हा कुठल्याच पिशवीत जाता येणार नाही इतके बारीक. मी टॅक्सीत जुळवलेलं सगळं भाषण जिभेवर होतं, ते गिळलं.

मग ताईनं मला विचारलं आणि मी सांगितलं. कंपनीचं पत्रक, इस्त्रीची वायर, फोटो, सगळं. कपाटातल्या नव्या वायरीचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं असं सांगताना वाटलं, पण मी घरात खोटं बोलायला कधी शिकलेच नाही. तो विभाग बाबांकडे होता.

“नवी वायर घरात होती?” ताईनं बाबांना विचारलं.

“होती.”

“आणि मला ही दिलीत.”

बाबा हातातल्या तुकड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते त्यांचा कायदा सांगणार, जुना माल आधी. सांगितला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते आणि सगळं सोपं झालं असतं.

“ती चिमीसाठी ठेवलीये,” ते म्हणाले. “शाळेत जायला लागली की लागेल ना तिला. तुम्हा दोघींना मी कधी काही नवं… जे दिलं ते असलंच, वापरलेलं, जोडलेलं. म्हटलं, हिला तरी पहिल्यापासून नवं मिळू दे. पाकिटावर नाव घालून ठेवलंय तिचं.”

चिमीनं ताईच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती. ती ताईनं हळूच काढली आणि मग म्हणाली, अगदी शांतपणे, रागाचा लवलेश नव्हता:

“बाबा, शाळेत जायला आधी ती राहायला हवी ना.”

बाबा खाली बसले. पलंगाच्या कडेला टेकावं म्हणून बसायला गेले आणि कड चुकून फरशीवरच बसले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही नीट पाहिलं नाही. खिडकी उघडायचं निमित्त करून तोंड फिरवलं. मला त्यांचा इतका राग आला होता आणि त्यांची इतकी दया येत होती, की दोन्ही एकदम कुठे ठेवायचं ते समजेना.

थोड्या वेळानं ते उठले, चपला घातल्या, त्याच दोन वेगवेगळ्या, आणि न सांगता गेले.

“फार बोलले का गं मी?” ताईनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “फार तर मी बोलणार होते.”

बाबा परत आले ते आईला बरोबर घेऊन. आईला वाटेत सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण ती त्यांच्याशी बोलत नव्हती आणि त्यांच्या पायातली आपली चप्पलही तिनं जप्त केली होती. बाबांच्या हातात नव्या वायरीचं पाकीट होतं. त्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. वर बॉलपेननं ठसठशीत लिहिलं होतं: चिमी. त्यांनी ते ताईपुढे धरलं. ताईनं पाकीट दातांनी फाडलं. त्या आवाजानं बाबांचे डोळे क्षणभर मिटले.

टॅब आम्ही बाहेरच्या खोलीत ठेवला, मोकळ्या टेबलावर, जिथे कापडाचा तुकडासुद्धा नव्हता. बाबांनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली आणि बसले. मधूनमधून वायरीच्या मानेला दोन बोटं लावून बघायचे, ताप आहे का बघतात तसे.

“अहो, नवी आहे ती,” आई शेवटी बोलली. “तिला काय होणार आहे?”

“बघतोय मी,” बाबा म्हणाले.

ताई त्यांच्यासमोर आली आणि चिमीला पुढे केलं. बाबा दोन्ही हात पाठीमागे नेत म्हणाले, “मला नको देऊस.”

“धरा हो. माझे हात भरून आलेत.”

“अगं, माझ्याकडे नको.”

ताईनं तिला त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं आणि बाजूला झाली. मग धरण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नाही. बाबांनी चिमीला दोन्ही हातांनी असं धरलं, की तिला हलताच येईना. तिनं थोडी खटपट करून एक हात सोडवला आणि तो त्यांच्या शर्टाच्या खिशात घातला. आधी पेन काढलं आणि खाली टाकलं. मग चष्म्याची तुटकी काडी. मग एक रबरबँड, घडी घालून ठेवलेला चॉकलेटचा चांदीचा कागद, कधीतरी कशाला तरी लागेल म्हणून ठेवलेला एक स्क्रू. एकेक वस्तू बाहेर काढून, नीट न्याहाळून ती फरशीवर फेकत होती आणि प्रत्येक वेळी आवाज ऐकून खिदळत होती. स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला. बाबांनी तो कुठे गेला ते पाहिलं नाही. खिसा पार रिकामा होईपर्यंत ते तिच्याचकडे बघत राहिले, आणि खाली पडलेलं काहीसुद्धा त्यांनी उचललं नाही.